सागराभिमुख सिडनी

१७७० च्या मे महिन्यात कॅप्टन जेम्स कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे जात असता दोन उभ्या कड्यांमधील एका मुखासमोरून गेले. जहाजांना येथे चांगला आसरा मिळेल असे दिसते, एवढेच कुकने नोंदवहीत टिपून ठेवले, त्या जागेला ‘पोर्ट जॅक्सन’ असे नाव देऊन टाकले, आणि आत न शिरताच तो मार्गस्थ झाला. पुढे अठरा वर्षांनी, १७८८ च्या जानेवारीत, अकरा जहाजांचा काफिला आणि त्यांतून सुमारे साडेसातशे कैदी घेऊन आलेला आर्थर फिलिप, बॉटनी बे या उथळ, उघड्या आणि गोड्या पाण्याला पारख्या उपसागराला विटून, लहान होड्यांतून त्याच मुखात शिरला. आत त्याला जे दिसले त्याने तो इतका हरखून गेला की, हजार युद्धनौका निर्धास्तपणे नांगरून राहू शकतील असे हे जगातील सर्वोत्तम बंदर होय, असा खलिता त्याने विलायतेस धाडला. सरकारी खलित्यांत अतिशयोक्ती विपुल असते. परंतु सिडनीला जाऊन आलेला मनुष्य फिलिपवर तो आरोप करणार नाही. हिमयुगाच्या अखेरीस समुद्र चढला आणि वालुकाश्मातून कोरलेल्या नदीच्या खोऱ्यात खारे पाणी शिरले, तेव्हा हे बंदर झाले. दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा त्याचा किनारा इतकी वळणे आणि इतकी आखाते घेत जातो की, शहराच्या कोणत्या गल्लीच्या टोकाशी एकाएकी पाणी समोर येईल याचा नेम नसतो.

विमानाने येणाऱ्या आजच्या प्रवाशाच्या वाट्याला ते दोन कडे येत नाहीत. विमानतळावरून निघालेली आगगाडी शहराच्या पोटातून अंधाऱ्या भुयारांनी जात राहते, आणि सर्क्युलर की या स्थानकाशी येताच एकदम उंचावरील उघड्या फलाटावर बाहेर पडते. डाव्या हाताला पोलादी कमानीचा प्रचंड पूल, उजव्या हाताला शुभ्र शिंपल्यांची ती जगद्विख्यात नाट्यगृहाची इमारत, मध्ये हिरव्या-पिवळ्या रंगाच्या बोटींची लगबग, असा देखावा भाड्याशिवाय वेगळे मूल्य न घेता पुढे मांडणारे रेल्वेस्थानक मी दुसरे पाहिलेले नाही. विरोधाभास असा की, देखाव्याचे हे दालन स्वतः मात्र त्या देखाव्यावरचा मोठा डाग आहे. स्थानकाच्या डोक्यावरून १९५८ साली मोटारींचा एक उन्नत मार्ग काढण्यात आला, आणि शहर व समुद्र यांच्यामध्ये काँक्रीटची ही आडवी भिंत कायमची उभी राहिली. ज्या मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांच्या हट्टामुळे नाट्यगृह उभे राहिले, त्यांचेच नाव या मार्गाला दिलेले आहे. एकाच पुरुषाच्या नावावर एकाच आखातात इतके सुंदर आणि इतके कुरूप असे दोन्ही जमा झाल्याचे उदाहरण विरळाच.

खालचा धक्का कैद्यांकडून १८३७ ते १८४४ या काळात बांधून घेतलेला आहे. आज तेथे मालाची गलबते लागत नाहीत, कारण जड व्यापार केव्हाच बॉटनी बेकडे गेला. परंतु माणसांची ये-जा मात्र अखंड चालते. बोट धक्क्याला लागताच खलाशी दोराचा फास खुंटावर फेकतो, फळी खडखडत सरकते, कचेरीत जाणारे स्त्रीपुरुष घाईने उतरतात, आणि पाच मिनिटांच्या आत तीच बोट नवी माणसे घेऊन निघते. आगगाडी, बस आणि बोट या तिन्ही वाहनांचे भाडे एकाच कार्डावर वसूल होते. समुद्रप्रवास ही येथे सहल नव्हे, रोजची रहदारी आहे. उपाहारगृहांच्या बाहेरील मेजांवर समुद्रपक्ष्यांचा अंमल चालतो, आणि बटाट्याचे काप उघड्यावर ठेवून क्षणभर दुसरीकडे पाहणाऱ्याला त्या अंमलाचा प्रत्यय तत्काळ येतो.

धक्क्याच्या पश्चिमेस ‘द रॉक्स’ हा जुना भाग आहे. अरुंद बोळ, दगडी पायऱ्या, खलाशांच्या जुन्या खानावळी आणि वखारी यांनी भरलेली ही वस्ती १९०० साली प्लेग आला तेव्हा सरकारने ताब्यात घेऊन पुष्कळशी पाडली. पुढे पुलाच्या कामासाठी आणखी घरे गेली. आणि १९७० नंतरच्या काळात उरलेसुरले पाडून तेथे उंच इमारती उठविण्याचा बेत झाला, तेव्हा ज्यांना त्या कामावर रोजी मिळणार होती त्याच बांधकाम-मजुरांच्या संघटनेने, जॅक मंडी यांच्या पुढारपणाखाली, पहार उचलण्यास नकार दिला. आज हौशी प्रवासी ज्या दगडी भिंतींची छायाचित्रे घेतात त्या भिंती पुराणवस्तु-संशोधकांनी वाचविलेल्या नसून गवंडी आणि बिगारी यांनी वाचविलेल्या आहेत.

याच किनाऱ्यावर कॅम्पबेलच्या वखारींची तिकोनी छपरांची रांग उभी आहे, आणि हिंदी प्रवाशाने तेथे थोडा वेळ थांबणे उचित होय. रॉबर्ट कॅम्पबेल हा कलकत्त्याच्या पेढीचा व्यापारी १७९८ मध्ये येथे आला आणि पुढे येथेच स्थायिक झाला. तांदूळ, साखर, कापड आणि मद्य ही उपाशी वसाहतीची गरज बंगालच्या मालाने भागविता येईल हे त्या पेढीने हेरले होते. त्या पेढीचे आधीचे एक जहाज १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेकडील एका बेटाशी फुटले. मदत आणण्यासाठी निघालेल्या सतरा जणांची होडीही किनाऱ्यावर आपटली, तेव्हा ते सिडनीच्या दिशेने पायी निघाले, आणि शेकडो मैलांची ती अनोळखी वाट संपवून जिवंत पोहोचलेल्या तिघांत एक हिंदी होता. वसाहत जेमतेम नऊ वर्षांची असताना आपल्याकडचा माणूस या किनाऱ्यावर असा उपाशी आणि रक्तबंबाळ होऊन आला; पुढच्या काळातील सुखवस्तू आगमनांच्या आधीचे हे आगमन शहरात फिरताना कोणी सहसा सांगत नाही.

मुंबईचा संबंध याहून नाजूक आहे. १८१० पासून १८२१ पर्यंत येथे गव्हर्नर असलेला लॅकलन मॅक्वारी, ज्याच्या नावाचे रस्ते, नद्या आणि बंदरे ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर जागोजागी आढळतात, तो १७८८ सालीच, म्हणजे फिलिप या आखातात उतरला त्याच वर्षी, पलटणीबरोबर मुंबईत उतरला होता. श्रीरंगपट्टणच्या लढायांत तो होता. मुंबईतच १७९३ मध्ये जेन जार्विस या तरुणीशी त्याचा विवाह झाला, आणि तीन वर्षांनी मकाव येथे क्षयाने तिचा अंत झाल्यावर तिचे शव त्याने मुंबईस आणून पुरले. कैद्यांच्या वसाहतीला नगराची कळा आणण्याची ईर्षा त्याने मनात धरली, आणि त्यासाठी त्याने हाताशी धरला तो फ्रान्सिस ग्रीनवे हा खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्याखाली काळ्या पाण्यावर आलेला स्थापत्यकार. ग्रीनवेने बांधलेली हाइड पार्कजवळील कैद्यांची बराक आज जागतिक वारशात गणली जाते. आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरची पहिली नोट काढली तेव्हा तिच्यावर चित्र छापले ते याच ग्रीनवेचे. बनावट कागदाबद्दल हद्दपार झालेल्या इसमाची मुद्रा चलनी कागदावर उमटविण्याची थट्टा कोणत्याही अर्थखात्याला जाणूनबुजून सुचली असेल असे वाटत नाही.

आता पूर्वेकडील भूशिराकडे वळू. ‘बेनेलाँग पॉइंट’ ही जागा नाट्यगृहाच्या आधी फार काही पाहून बसलेली आहे. गाडिगल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या येथे शिंपले खाऊन टाकलेल्या कवचांचे ढीग होते. वसाहतीला चुनखडी मिळेना, म्हणून गोऱ्यांनी ते शिंपले भाजून चुना केला, आणि पहिल्या घरांच्या विटा त्या चुन्याने सांधल्या. बेनेलाँग हा त्या भागातील मूळ रहिवाशांपैकी एक तरुण; मूळ लोकांची भाषा आणि रीत समजावी या हेतूने फिलिपने त्याला १७८९ मध्ये सरळ पकडून आणविले. तो पळाला, पुढे आपखुशीने परत आला, दोन्ही पक्षांमध्ये दुभाषी झाला, आणि १७९० मध्ये या टोकावर त्याच्यासाठी विटांचे एक लहानसे घर उठले. फिलिपबरोबर तो विलायतेस गेला, १७९५ मध्ये परतला. त्याची पत्नी बारांगारू हिचे नाव पुलापलीकडील जुन्या गोदीच्या जागी वसविलेल्या नव्या श्रीमंत पेठेला दिलेले असून तेथे आज जुगारगृहाचा मनोरा झळकतो. नावे देण्यात हे शहर उदार आहे, एवढेच याबाबतीत म्हणता येईल. बेनेलाँगच्या घरानंतर या टोकावर मॅक्वारीने किल्ला बांधविला, आणि किल्ला पाडून १९०१ नंतर ट्रामगाड्यांची वखार आली. तटबंदीसारखी कंगोरेदार भिंत असलेली ती वखार १९५८ मध्ये पाडून जागा मोकळी झाली.

नाट्यगृह कोठे असावे याविषयी बोट दाखविले ते सिडनीच्या वाद्यवृंदाचे प्रमुख यूजीन गूसेन्स यांनी. केहिल यांनी ती कल्पना उचलली, आणि सरकारने जगभरच्या स्थापत्यकारांकडून आराखडे मागविले. आलेल्या २३३ आराखड्यांतून जानेवारी १९५७ मध्ये निवड झाली ती यर्न उत्झॉन या ३८ वर्षांच्या, तोवर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या डेन्मार्कच्या स्थापत्यकाराची. परीक्षकांपैकी ईरो सारिनेन उशिरा आले आणि त्यांनी बाद झालेल्या गठ्ठ्यातून हा आराखडा बाहेर काढला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तो आराखडा नव्हताच, काही रेखाचित्रे होती. उत्झॉन यांनी सिडनी पाहिलेली नव्हती. त्यांनी मागविले ते बंदराचे समुद्री नकाशे, आणि ते वाचण्याची विद्या त्यांच्या घरातच होती, कारण त्यांचे वडील जहाजांचे आरेखक होते. मला वाटते, साऱ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. रस्त्यावरून विचार करणारा माणूस रस्त्याकडे दर्शनी बाजू आणि समुद्राकडे मागची बाजू असलेली इमारत काढील. समुद्री नकाशावरून विचार करणाऱ्या माणसाला मागची बाजू असलेली वस्तू सुचणे शक्य नव्हते, कारण जहाजाला सर्व दिशांनी पाहतात. पुलावरून पाहणाऱ्यांना वरून छप्परही दिसणार, म्हणून छप्पर हाच त्यांनी पाचवा दर्शनी भाग मानला, आणि बाकीचे सारे एका भव्य चौथऱ्यात झाकून टाकले. हा चौथरा सुचला मेक्सिकोत पाहिलेल्या माया लोकांच्या मंदिरांवरून, असे ते स्वतःच सांगत.

परंतु शिंपल्यांचा आकार कागदावर काढणे वेगळे आणि तो उभा करणे वेगळे. ओव्ह अरुप यांच्या पेढीतील अभियंते कित्येक वर्षे त्या मुक्त वक्ररेषांचे गणित बसवीत होते, कारण प्रत्येक शिंपला निराळा असल्याने प्रत्येकासाठी निराळा साचा लागला असता आणि खर्चाला पारावार राहिला नसता. १९६१ मध्ये तोड निघाली: सर्व शिंपले ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठावरून काढावयाचे. खोबऱ्याच्या एकाच वाटीतून लहानमोठ्या कातळ्या काढाव्यात, त्यांची लांबीरुंदी वेगळी पण बाक मात्र तोच, असा हा प्रकार. त्यामुळे काँक्रीटच्या फासळ्या मोजक्या साच्यांतून ओतता आल्या. तोवर खालच्या चौथऱ्याचे काम, आराखडे पुरे होण्याच्या आधीच, राजकीय घाईने १९५९ मध्ये सुरू झालेले होते, आणि नव्या छपराचा भार आधीच्या खांबांना पेलेना म्हणून ते फोडून पुन्हा बांधावे लागले. केहिल यांनी पायाशी पट्टिका बसविली त्याच वर्षी ते वारले. मरण समोर दिसत असल्यासारखी त्यांनी घाई केली, आणि ती केली नसती तर त्यांच्यामागून आलेल्यांनी हे काम हाती धरले असते याची मला शंकाच आहे.

पैसा मुख्यतः सोडतीतून उभा राहिला. त्या सोडतीचे एक लाख पौंडांचे बक्षीस १९६० मध्ये एका सामान्य कुटुंबाला लागले, नाव-पत्ता वृत्तपत्रांत आला, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळवून ठार मारण्यात आले. सोडतीतील विजेत्यांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा त्यानंतर मिळाली. इमारतीचे कौतुक सांगणारी पुस्तके हे पान बहुधा गाळतात. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, अर्धवट बांधकामाच्या परांचीवर बसलेल्या मजुरांपुढे पॉल रोब्सन हा थोर कृष्णवर्णीय गायक उभा राहून गायला. या जागेतील पहिला जलसा तो, आणि त्याचे श्रोते पुढे तिकीट काढून आत येणाऱ्यांपैकी नव्हते.

१९६५ मध्ये सरकार बदलले. नवे बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांनी खर्चाचा हिशेब मागितला, आराखडे मंजुरीसाठी आधी सादर करण्याचा हुकूम काढला, आणि उत्झॉन यांची देयके अडवून धरली. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन यांनी राजीनामा दिला. लोकांनी मोर्चा काढला, पण मंत्री हलले नाहीत, आणि एप्रिलमध्ये उत्झॉन कुटुंबासह देश सोडून गेले. ह्यूज यांना खलनायक ठरविण्याची रीत पडली आहे. ३५ लाख पौंडांचे, म्हणजे नव्या चलनात ७० लाख डॉलरचे, अंदाजपत्रक शेवटी १० कोटी २० लाख डॉलरवर गेले, आणि १९६३ ची मुदत १९७३ वर, हे लक्षात घेता खजिन्याचा रखवालदार प्रश्न विचारणारच. त्याचा दोष प्रश्न विचारण्यात नसून, उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस घालवून बसण्यात आहे, असे माझे मत आहे. खरी सहानुभूती मला वाटते ती पीटर हॉल या तरुण स्थानिक स्थापत्यकाराबद्दल, ज्याने परक्याची अर्धी इमारत आणि स्वकीयांचा पुरा रोष पत्करून अंतर्भाग तडीस नेला. मोठे सभागृह संगीतमैफिलींना द्यावे आणि ऑपेरा लहान सभागृहात न्यावा, असा निर्णय त्या काळात झाला. त्यामुळे ज्या कलेचे नाव इमारतीला आहे तिलाच तेथे अवघडून बसावे लागते. २० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांनी उद्घाटन केले, तेव्हा उत्झॉन उपस्थित नव्हते. १९९९ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा सल्लागार नेमले, २००७ मध्ये इमारत जागतिक वारशात आली, २००८ मध्ये उत्झॉन निवर्तले. पुरी झालेली इमारत त्यांनी अखेरपर्यंत प्रत्यक्ष पाहिली नाही.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, इमारत पांढरी नाही. छपरावर १० लाख ५६ हजार ६ फरशा आहेत, स्वीडनमधील ह्योगानेस येथे घडविलेल्या, काही झिलईच्या शुभ्र आणि काही निस्तेज दुधी. त्यांच्या मिश्रणामुळे ऊन डोळ्यांवर परतत नाही, आणि ढग आला की छपराचा रंग त्याच्याबरोबर बदलतो. हात लावता येतो, आणि लावावा. पायऱ्या चढून वर गेल्यावर मात्र माणूस थोडा हिरमुसतो: शिंपले डोक्यावर इतके जवळ येतात की त्यांची आकृती हरवते, आणि उरतो तो काँक्रीटचा डोंगर. जमिनीवरून येणाऱ्याची येथे निराशा होणारच, असे मी म्हणेन. ही इमारत त्याच्यासाठी काढलेली नाही.

पुलाचे तसे नाही. १९३२ मध्ये खुला झालेला हा पूल, ५०३ मीटरांची त्याची कमान आणि सुमारे साठ लाख रिव्हेट, कोठूनही पाहिले तरी सारखेच सांगतात. दोन्ही टोकांचे ग्रॅनाइटचे मनोरे निव्वळ शोभेचे आहेत, कमानीचा भार ते घेत नाहीत. पण त्यांच्याविना लोकांचा पुलावर विश्वास बसला नसता, हे अभियंत्यांनी ओळखले. काम चालू असता १६ मजूर मृत्युमुखी पडले. उद्घाटनाच्या दिवशी मुख्यमंत्री फीत कापण्याआधीच फ्रान्सिस द ग्रूट नावाचा एक राजकीय विरोधक लष्करी वेषात घोड्यावरून पुढे आला आणि तलवारीने ती तोडून मोकळा झाला. फीत पुन्हा बांधून समारंभ पुरा करण्यात आला, आणि द ग्रूटला पाच पौंड दंड झाला.

नाट्यगृह पाहावयाचे तर मॅन्लीच्या बोटीवर चढावे. अर्ध्या तासाचा हा प्रवास थेट त्या दोन कड्यांपर्यंत नेतो, जेथे क्षणभर महासागराची लाट बोटीला बाजूने उचलते आणि नवख्या उतारूंचे संभाषण थांबते. धक्का सुटून बोट वळू लागली की शिंपले एकमेकांमागे सरकतात, मिटतात, पुन्हा उघडतात. आधी चार दिसतात, मग दोन, मग त्यांच्या मध्ये पूल येऊन उभा राहतो. आणि परतताना, सूर्य पुलाकडे कललेला असता, फरशांवर तांबूस छटा चढते. परत येणाऱ्या बोटीत डेकवर उभे राहावे. आतील आसनांवर कचेरीतून घरी जाणारी मंडळी वाचीत बसलेली असतात, आणि त्यांना या देखाव्याचे अप्रूप उरलेले नाही याचा हेवा वाटावा की कीव करावी हे ठरत नाही.

अंतर्भागाचा अनुभव घेतल्यावाचून निघणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून एका संध्याकाळी मैफिलीचे तिकीट काढले. सुमारे २,७०० श्रोत्यांचे ते सभागृह उंच आणि लाकडी अस्तराचे आहे. त्यातील ध्वनीविषयी वादक पूर्वी तक्रार करीत, म्हणून २०२० पासून ते बंद ठेवून दुरुस्त करण्यात आले आणि २०२२ च्या जुलैत पुन्हा उघडले. माझ्या कानाला तंतुवाद्यांचा सूर स्वच्छ आला. सभागृहे थंड ठेवण्यासाठी बंदराचेच पाणी खेळविलेले असते, हे मागाहून कळले. मध्यंतरात सारा श्रोतृवर्ग उत्तरेकडील दालनात लोटला. तेथे फिकट पिवळसर काचेची तिरपी भिंत पाण्यावर झुकलेली आहे. पेले हाती घेतलेली माणसे कार्यक्रमाविषयी चार शब्द बोलून काचेशी गेली, आणि पलीकडून जाणाऱ्या दिव्यांच्या बोटी पाहत राहिली. घंटा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, तरी काचेपासून हलण्याची कोणाची तयारी दिसेना. अखेर गणवेशातील सेवकांना दालनभर फिरून, अत्यंत नम्रपणे, एकेका घोळक्याला संगीताकडे वळवावे लागले.